मागितलं तेवढंच

सह्या पाच वाजता व्हायच्या होत्या. तीन वाजल्यापासून सगळे थोरल्याच्या घरी येऊन बसले होते आणि करार सोडून जगातल्या यच्चयावत गोष्टींवर बोलून झालं होतं. छोटीच्या नवऱ्याचा गुडघा झाला, शेजारच्यांनी गच्चीवर टाकलेली पत्र्याची शेड झाली, चहा दोनदा झाला. करारनामा टेबलावर पालथा पडून होता. तो उलटून सरळ ठेवायची कुणाला हिंमत होत नव्हती.

मधला खिडकीशी बसला होता. घरात त्याला होयबा म्हणत. पूर्वी माघारी म्हणत, आता तोंडावर म्हणत, आणि त्यालाही त्याचं काही वाटेनासं झालं होतं. तसा माणूस कामाला वाघ. पाइप हातात घेतला की न मोजता जाडी सांगेल, वेल्डिंगच्या नुसत्या आवाजावरून कुणाचा हात चुकतोय ते ओळखेल. पण दोघांत वाद लागला की जो शेवटी बोलला त्याच्या बाजूने हा मान डोलवणार. लोखंडी फर्निचरच्या ह्या घरच्या कारखान्याचे भागीदार तीन: बँक आणि कागदपत्रं बघणारा थोरला, कामाची शेड चालवणारा हा, आणि पन्नाशी उलटली तरी छोटीच राहिलेली धाकटी बहीण. करारावर तिघांच्याही सह्या लागत होत्या. थोरला करणार हे ठरलेलंच होतं. छोटी त्याच्या शब्दाबाहेर जात नसे. राहिला हा, आणि ह्याला कुणी विचारलंसुद्धा नव्हतं.

विचारायचं तरी काय? एकोणीस वर्षं हा कारखाना एका बड्या कंत्राटदारासाठी राबत होता. सरकारी निविदा तो भरायचा, काम त्याला मिळायचं, आणि खाटा, कपाटं, बाक बनायचे ह्यांच्या शेडमध्ये. मालावर पट्टी मात्र त्याच्या नावाची. आता तो म्हणत होता, पाच वर्षांचा पक्का करार करून टाकू, वर्षभर काम कमी पडू देणार नाही. फक्त एवढंच, की कारखान्याने स्वतःच्या नावावर कुठली निविदा भरायची नाही. नाहीतरी आपण कुठे भरतो, असं थोरल्याचं म्हणणं. शेडमध्ये अकरा माणसं होती आणि काम नसलं की त्यांना तोंड द्यायला थोरल्यालाच उभं राहावं लागे. होयबाला हे पटत होतं. त्याला सगळ्यांचंच पटायचं, तीच तर रड होती.

आडवी आली होती ती एकटी मिठू. ही थोरल्याची मुलगी, वय सव्वीस, एका कर सल्लागाराकडे नोकरीला. लहानपणी रस्त्यावरची दिसेल ती पाटी मोठ्याने वाचायची म्हणून मिठू, आणि अजूनही छापील कागद हाती आला की शेवटच्या ओळीपर्यंत गेल्याशिवाय तिला चैन पडत नसे. महिन्याच्या सुरुवातीला शिक्षण खात्याची जाहिरात निघाली होती, शाळांसाठी अडीच हजार बाक. थोरल्याने ती त्याच्या नेहमीच्या पद्धतीने पाहिली, म्हणजे रक्कम पाहिली, शेवटची तारीख पाहिली, हे मोठ्यांचं काम म्हणाला आणि पेपर मिटला. मिठूने संकेतस्थळावरून अख्खी निविदा उतरवून घेतली, एकसष्ट पानं. ती छापून, कडेला रंगीत चिठ्ठ्या लावून ती आत्ता दारात उभी होती.

"आज नको," थोरला म्हणाला.

मिठू ऐकते थोडीच. ती सरळ होयबासमोर स्टूल ओढून बसली. तिचं म्हणणं असं, की जाहिरातीचं पहिलं पान पेपरवाल्यांसाठी असतं. किती रुपयांचं काम आणि कधीपर्यंत, ह्यापलीकडे त्यात काही नसतं. त्यांना माणूस कसा हवाय ते पात्रतेत लिहिलेलं असतं, वस्तू कशी हवीय ते तांत्रिक तपशिलात, आणि कशाकशासाठी तुम्हाला बाहेर काढतील ते शेवटच्या जोडपत्रांत, अगदी बारीक अक्षरात. म्हणून ती मागून वाचायला सुरुवात करते. बाहेर काढायची कारणं आपल्याला लागू नसतील तरच पुढचं वाचायचं, नाहीतर कशाला डोळे फोडून घ्यायचे.

"काका, तेविसावं पान बघ," ती म्हणाली. "दुसरा परिच्छेद."

होयबाने चष्मा लावला. निविदाकाराचा स्वतःचा उत्पादन कारखाना असावा, किंवा अशा कारखान्याशी किमान पाच वर्षांचा नोंदणीकृत करार असावा. त्याने ते दोनदा वाचलं. आतापर्यंत नुसतं कारखान्याचं संमतीपत्र चालायचं. दर वेळी थोरला ते लिहून द्यायचा आणि कंत्राटदार जोडायचा. कंत्राटदाराकडे गोदाम होतं, चार फोन होते, मोठी गाडी होती. कारखाना तेवढा नव्हता.

त्याच्या हातातून छोटीने कागद ओढून घेतले. छोटी शाळेत गणित शिकवून निवृत्त झाली होती आणि उत्तर आधी दिसलं तरी पायऱ्या मांडल्याशिवाय बोलत नसे. तिने परिच्छेद वाचला, मग टेबलाशी जाऊन करारनामा सुलटा केला, त्यातली पाच वर्षांची ओळ बोटाने धरली आणि दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले.

"म्हणजे आपण सही नाही केली, तर त्याला ही निविदा भरताच येत नाही," ती थोरल्याला म्हणाली. "आणि तू मला म्हणालास, तो आपल्या काळजीपोटी करार करतोय."

थोरला म्हणाला, मला तरी तो तसंच म्हणाला होता. ते खरंही होतं. थोरला खोटं बोलणाऱ्यातला नव्हता, फक्त पहिल्या पानापुढे जाणाऱ्यातला नव्हता. आतून वहिनी, म्हणजे मिठूची आई, हात पुसत येऊन दाराला टेकली. होयबाच्या बायकोने हातातलं मासिक बाजूला ठेवलं. पाच मिनिटांपूर्वी खोलीत एका बाजूला मिठू आणि दुसऱ्या बाजूला उरलेलं सगळं घर होतं. आता छोटी स्टुलाच्या बाजूला येऊन उभी राहिली आणि थोरल्याला आपल्या बाजूला कोण आहे ते बघायला मान वळवावी लागली. त्याने होयबाकडे बघितलं. होयबाने सवयीने मान हलवली, पण कुणाच्या बाजूने ते त्याचं त्यालाच कळलं नाही.

थोरल्याने मग एकेक मुद्दा काढला. आपल्या नावावर अनुभव कुठे आहे? मिठूने पुढचं पान काढलं: स्वतःचा कारखाना असलेल्या लघुउद्योगाला अनुभवाची अट नाही, खातं कारखान्याची पाहणी करील. अनामत? त्यातही सूट, नोंदणीचं प्रमाणपत्र जोडलं की झालं. कंत्राटदार चिडला आणि काम तोडलं तर? ह्याला मिठूकडे पान नव्हतं. थोरल्याने तोच धागा पकडून शेवटचं, ठेवणीतलं बाहेर काढलं.

"भरली होती ना एकदा? दवाखान्याच्या खाटांची. दर आपला सगळ्यांत कमी, खाट आपली सगळ्यांत चांगली. काय झालं? खाल्ली. वरच्या वर खाल्ली. अण्णा गेले ते ही गोष्ट मनात धरून गेले."

ह्यावर ह्या घरात कधी कुणी काही बोलत नसे. अण्णा म्हणजे तिघांचे वडील. एकोणीस वर्षांपूर्वी त्यांनी हौसेने पहिली निविदा भरली आणि ती फेटाळली गेली. पुढच्या आठवड्यात तेच काम मिळालेला हा कंत्राटदार दारात आला आणि खाटा बनवून द्याल का म्हणाला. त्यांनी दिल्या. तेव्हापासून घरातल्या प्रत्येक मुलाला हे पाठ होतं, की सरकारी काम आधीच कुणाला तरी दिलेलं असतं, जाहिरात नुसती दाखवायला. होयबाही हेच मानत आला होता, उलट इतरांपेक्षा जास्तच, कारण ती नमुन्याची खाट त्याने स्वतःच्या हाताने जोडली होती.

मिठूने मांडीवरच्या गठ्ठ्याखालून एक जुनी फाइल काढली. नोंदणीचं प्रमाणपत्र शोधताना कपाटात सापडली, ती म्हणाली. खात्याचं नकाराचं पत्र तिने वाचून दाखवलं. दर सर्वांत कमी असल्याचा त्यात उल्लेख होता. त्यानंतर लिहिलं होतं, की निविदाकाराने तपशिलात स्वतःहून बदल सुचवल्यामुळे निविदा सशर्त ठरते, सबब नामंजूर. सोबत त्या बदलाच्या पत्राची प्रत जोडलेली होती, कारखान्याच्या लेटरहेडवर टाइप केलेली. मिठूने तीही वाचायला घेतली. "आपण मागितलेला पाइप पातळ आहे. एवढ्या पातळ पाइपची खाट आमच्याकडे बनत नाही. त्याच दरात आम्ही जाड पाइप वापरू."

पत्राचा पुढचा शब्द काय आहे ते मिठूने वाचायच्या आधी होयबाला माहीत होतं.

कुणाचंच त्याच्याकडे लक्ष नव्हतं. थोरल्याने पत्र हातात घेतलं, खालची सही बघितली आणि त्याचा चेहरा उतरला. सही अण्णांची होती. छोटीनेही वाकून पाहिली. वहिनी हळूच म्हणाली, त्यांचा स्वभावच तसा होता, हलकं काम त्यांना सहन व्हायचं नाही. थोरल्याने मान हलवली. बापाची एक चूक, तीही चांगुलपणातून झालेली. त्या खोलीत सगळ्यांनी मिळून अण्णांना माफ करून टाकलं, आणि गोष्ट तिथे मिटली असती.

होयबाने आयुष्यभर हेच तर केलं होतं, मिटत असलेली गोष्ट मिटू दिली होती. अण्णा कोऱ्या लेटरहेडवर सह्या करून ठेवत, अडीअडचणीला उपयोगी पडतात म्हणून. लिफाफा बंद करायच्या आदल्या दिवशी त्याने त्यातलं एक घेतलं होतं. त्या वेळी त्याला वाटलं होतं, साहेब वाचून खूश होईल. त्याच पैशांत जास्त चांगली खाट, कोण नाही म्हणेल? कुणाला सांगावं असंही वाटलं नव्हतं, इतकी ती गोष्ट त्याच्या लेखी सरळ होती. आणि निविदा फेटाळली गेली तेव्हा त्या पत्राचा नि नकाराचा संबंध असेल हे त्याच्या डोक्यात एकदाही आलं नाही, कारण नकाराचं पत्र कुणी पहिल्या ओळीपुढे वाचलंच नव्हतं.

"अण्णांनी नाही," तो म्हणाला. "ते पत्र मी घातलं होतं."

त्याचा आवाज इतका हळू होता, की छोटीला आधी ऐकूच आलं नाही. मग त्याने सगळं सांगितलं, कोऱ्या कागदापासून. सांगताना त्याला रडू आलं आणि त्याने ते लपवलं नाही. अण्णा शेवटच्या आजारपणातसुद्धा त्या खाटांचं बोलायचे, आणि हा उशाशी बसून हो हो म्हणायचा. ते त्याला आत्ता सगळ्यांत जास्त टोचत होतं.

थोरला उठून गॅलरीत गेला. होयबाची बायको उठली आणि नवऱ्याशेजारी येऊन बसली. एरवी चारचौघांत ती त्याला टोमणा मारल्याशिवाय राहत नसे, आज तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला. छोटी नुसती त्या दोन पत्रांकडे बघत होती. एकोणीस वर्षं, ती म्हणाली.

थोरला परत आला तेव्हा त्याच्या तोंडावर राग होता, पण आणखीही काहीतरी होतं. ते काय ते ओळखायला होयबाला थोडा वेळ लागला. तो सुटल्यासारखा दिसत होता.

"म्हणजे आपलं काम कुणी खाल्लं नव्हतं," थोरला म्हणाला.

"नाही," होयबा म्हणाला. "त्यांनी मागितलं तेवढंच द्यायचं होतं."

"आता भरली, तर घालशील परत असलं पत्र?"

होयबा नाही म्हणणार होता. पण मिठूच्या गठ्ठ्यातलं तांत्रिक तपशिलाचं पान त्याच्या हातात आलं होतं, आणि बाकाचं चित्र समोर असताना ते न वाचणं त्याला जमणारं नव्हतं. तो म्हणाला, पत्र नाही घालणार, पण ह्यात एक गोष्ट चुकलीय. थोरल्याने कपाळाला हात लावला. छोटीला हसू फुटलं, मग वहिनीला, आणि शेवटी खुद्द होयबाही डोळे पुसता पुसता हसला.

मिठू तेवढ्यात नवव्या पानावर पोचली होती. परवा निविदापूर्व बैठक आहे, ती म्हणाली, कुणीही यायचं आणि शंका विचारायच्या. चूक दिसली तर ती सांगायची जागा हीच. लिफाफ्यात सांगितलं की शर्त होते, बैठकीत सांगितलं की सूचना. त्यांना पटली तर ते शुद्धिपत्रक काढतात.

"एकोणीस वर्षांपूर्वी होती अशी बैठक?" होयबाने विचारलं.

मिठूने फाइल चाळली. होती. जाहिरातीच्या सहाव्या पानावर तारीखवेळेसकट छापलेली होती.

पाचच्या ठोक्याला कंत्राटदाराचा मॅनेजर आला. थोरल्याने त्याला चहा दिला आणि सांगितलं, सह्या आज नाहीत, थोडा वेळ हवा. मॅनेजर हसत होता, पण जाताना म्हणाला, पुढच्या शुक्रवारपर्यंत करार झाला नाही तर हातातलं कपाटांचं कामही दुसरीकडे जाईल, तेवढं लक्षात असू द्या. दार लागल्यावर थोरल्याने सगळ्यांना बजावलं, की निविदा भरायची असं काही ठरलेलं नाही. बैठकीला जाऊन विचारून यायला पैसे पडत नाहीत, एवढंच ठरलंय.

बैठक खात्याच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर होती. होयबाने इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि पिशवीत जुन्या बाकाचा कापलेला एक पाय घेतला होता. दारात हजेरीची वही. एकोणीस वर्षांत तो ह्या इमारतीत कितीदा आला होता, माल पोचवायला, खिळखिळं झालेलं दुरुस्त करायला, आणि दर वेळी वहीत कंत्राटदाराचं नाव लिहिलं होतं. आज त्याने कारखान्याचं लिहिलं. मागे उभ्या असलेल्या मॅनेजरने ते मान पुढे काढून वाचलं. मिठूने काकाला कोपराने ढोसलं आणि दोघं आत गेले.

शंका विचारणारे सगळे पैशांचं विचारत होते. बिल कधी, दंड किती, मुदत वाढेल का. समोर बसलेल्या अभियंता बाई प्रत्येकाला पान क्रमांक सांगत होत्या, आणि प्रत्येक वेळी उत्तर तिथे आधीच छापलेलं निघत होतं. होयबाला बाईंची दया आली. मिठूने त्याला हळूच उभं केलं.

त्याने पिशवीतून पाय काढून टेबलावर ठेवला. तुम्ही पायांच्या तळाला प्लास्टिकचं बूच लिहिलंय, तो म्हणाला. हे बूच सहा महिन्यांत निघतं. फरशी पुसली की पाणी पाइपात चढतं, आतून गंज लागतो आणि कड सुरीसारखी होते. पोरं बाकाखाली पाय हलवत बसतात. दुरुस्तीला आलेल्या बाकांवर मी वाळलेलं रक्त बघितलंय. त्यापेक्षा तळाला पत्र्याची चकती वेल्डिंगने बसवून टाकायला सांगा.

मागून कुणीतरी म्हणालं, खर्च वाढेल. अभियंता बाईंनी तो पाय उचलला, कडेवर बोट टेकवलं आणि पटकन मागे घेतलं.

"हे बाक तुम्ही बनवले होते?"

"हो. तपशिलात बूच होतं, म्हणून बूचच लावलं," होयबा म्हणाला. "तेव्हा कुठे सांगायचं ते माहीत नव्हतं."

बाईंनी ते लिहून घेतलं. बघू, एवढंच म्हणाल्या. परत येताना होयबा मिठूला दोनदा म्हणाला, की बघू म्हणजे नाहीच. ती म्हणाली, बघू म्हणजे बघू.

शुक्रवारी सकाळी सगळे शेडमध्ये जमले, कारण मॅनेजर अकराला तिथेच येणार होता. करारनामा कचेरीच्या टेबलावर होता. थोरला रात्रभर झोपला नव्हता हे त्याच्या डोळ्यांवरून दिसत होतं. बाहेर अकरा जण कपाटांची दारं बसवत होते आणि तो दर थोड्या वेळाने काचेतून त्यांच्याकडे बघत होता. छोटी म्हणाली होती, मी मधल्याबरोबर. पण थोरला नको म्हणाला असता, तर त्या दोघांनी त्याला ओढलं नसतं. तसं हे घर नव्हतं.

मिठू साडेदहाला धावतच आली. शुद्धिपत्रक क्रमांक एक. तिने ते काकाच्या हातात न देता बापाच्या हातात दिलं. थोरल्याने पहिली ओळ वाचली, आणि मग होयबाने कधी पाहिलं नव्हतं ते पाहिलं. थोरला खाली वाचत गेला, बोट लावून, पान उलटून, अगदी सहीशिक्क्यापर्यंत. प्लास्टिकच्या बुचाऐवजी पायांचे तळ धातूच्या चकतीने वेल्डिंग करून पूर्ण बंद करावेत. सर्व निविदाकारांना बंधनकारक.

"आपलं नाव नाही कुठे," थोरला म्हणाला.

"नसतंच," मिठू म्हणाली.

"म्हणजे आता ज्याला काम मिळेल त्याला हे करावं लागणार? ह्यालासुद्धा?" त्याने मॅनेजर यायच्या दाराकडे मान केली.

"सगळ्यांना," होयबा म्हणाला. "काम कुणाला का मिळेना दादा, अडीच हजार बाक आता नीट होणार."

थोरल्याने त्याच्याकडे बघितलं. लहानपणापासून ज्याच्या होकाराची त्याने कधी मोजदाद केली नव्हती त्या भावाकडे तो बघत राहिला, आणि त्याचे डोळे भरून आले. त्याने करारनामा घडी घालून मॅनेजरसाठी लिफाफ्यात परत घातला, बिनसहीचा, आणि टेबलावर जागा केली.

"नीट व्हायचेच असतील, तर आपणच बनवू," तो म्हणाला. "मिठू, आण तुझी एकसष्ट पानं. मागून सुरू करू."